लाभांशवृद्धी निधी आणि कव्हर्ड कॉल निधी : निवृत्त व्यापाऱ्याच्या उत्पन्नाचा विचार

व्यापारी मनुष्य पेढीवरचा व्यवहार मुलांच्या हाती सोपवितो, तेव्हा त्याच्यापुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. आयुष्यभर त्याने भांडवल फिरविले. आता भांडवलाने त्याला बसल्या जागी पोसावे अशी त्याची अपेक्षा असते. मुदतठेवीचे व्याज महागाईपुढे टिकत नाही, इमारतींच्या भाड्यात कटकटी फार, आणि मुलांकडे दरमहा हात पसरणे कोणाही मानी मनुष्यास रुचत नाही. अशा वेळी अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा किंवा पुतण्या दूरध्वनीवरून सांगतो की, ‘काका, इकडे एक फंड वर्षाला दहा टक्के देतो, तोही दरमहा.’ आणखी दुसरा कोणी सांगतो की, दहा टक्क्यांच्या मागे लागू नका, साडेतीन टक्के देणारा पण दरवर्षी वाढत जाणारा फंड घ्या. गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक सभासदांच्या घरी हा वाद झाला आहे. दोन्ही प्रकारांचे मर्म काय, ते या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम सोपा प्रकार घेऊ. लाभांशवृद्धी निधी म्हणजे ज्या कंपन्या वर्षानुवर्षे न चुकता लाभांश देत आल्या, किंवा दरवर्षी तो वाढवीत आल्या, अशांचेच समभाग धारण करणारा निधी. अमेरिकेतील व्हॅनगार्ड या संस्थेने २००६ साली असा एक निधी काढला. त्यात सलग दहा वर्षे लाभांश वाढविलेल्या कंपन्यांनाच प्रवेश असतो. २०११ साली निघालेला श्वाब संस्थेचा निधी, ज्यास तिकडील लोक त्याच्या आद्याक्षरांवरून ‘एससीएचडी’ म्हणतात, सलग दहा वर्षे लाभांश दिलेल्या कंपन्या घेतो आणि त्यांतून नफा, कर्ज व रोख आवक यांच्या कसोटीवर शंभरांच्या आसपास निवडतो. त्याचा वार्षिक खर्च शंभर डॉलरांमागे अवघे ६ सेंट आहे. या निधीने २०१३ साली एका युनिटामागे सुमारे ९० सेंट वाटले होते. २०२३ साली तेच वाटप २ डॉलर ६६ सेंटांवर गेले होते. ज्याने २०१३ साली पैसे गुंतवून काहीही न करता बसून राहणे पसंत केले, त्याचे उत्पन्न दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झाले. (२०२४ साली त्या निधीने एका युनिटाची तीन युनिटे केली, वरील आकडे त्यापूर्वीचे आहेत.)

आता दुसरा प्रकार. कव्हर्ड कॉल हे नाव परके असले तरी वस्तू आपणांस परकी नाही. जुन्या मुंबईच्या बाजारात ‘तेजी’ आणि ‘मंदी’ या नावांनी जे करार होत, त्यांतील ‘तेजी’ म्हणजेच आजचा कॉल. १९५२ च्या वायदा करार कायद्याने मालावरील आणि १९५६ च्या रोखे करार कायद्याने समभागांवरील असे करार बेकायदा ठरले. समभागांवरील बंदी १९९५ साली उठली, २००१ साली ते राष्ट्रीय शेअर बाजारात रीतसर सुरू झाले, आणि मालावरील करार २०१७ साली पुन्हा आले. म्हणजे आपल्यापैकी वृद्धांनी वडिलांच्या तोंडून जे शब्द ऐकले असतील, तेच नातवंडे आता इंग्रजी नावाने शिकत आहेत.

गुळाचे उदाहरण घेऊ. समजा, आपल्या वखारीत गूळ आहे आणि भाव क्विंटलला ४००० रुपये आहे. एक गृहस्थ येऊन म्हणतो, ‘महिनाभरात केव्हाही ४१०० रुपयांनी हा गूळ उचलण्याचा हक्क मला द्या; त्याबद्दल क्विंटलमागे ६० रुपये आत्ताच घ्या.’ हे ६० रुपये इसार नव्हेत. त्याने माल उचलला तरी ते किमतीत वळते होत नाहीत आणि न उचलला तरी परत जात नाहीत. ते सर्वस्वी आपले. आता महिन्याने काय होईल ते पाहा. भाव जागीच राहिला तर तो माल उचलणार नाही. माल आपला आणि वर दीड टक्का पदरात. भाव ४६०० झाला तर तो ४१०० ने माल नेईल. आपणांस एकूण ४१६० मिळतील आणि ४४० रुपयांचा नफा हातचा जाईल. भाव ३५०० वर उतरला तर तो फिरकणारही नाही. ५०० रुपयांची घट आपली, तीत ६० रुपयांचा आधार तेवढा मिळाला, म्हणजे ४४० रुपयांची खोट.

या सौद्याचे सगळे गुणदोष एवढ्यातच आले. चढ विकून टाकली आहे, उतार मात्र स्वतःकडे ठेवला आहे. माल वखारीत असताना तेजी विकणे हा जुगार नव्हे. माल नसताना विकणे ही गोष्ट वेगळी. आपल्या शास्त्रकारांनी सप्तव्यसनांत द्यूत पहिले गणले आहे, आणि सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शेअर बाजारातील वायदे-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात गेल्याचे आढळले. कव्हर्ड कॉल निधी त्या पंक्तीत बसत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. त्याच्याकडे समभाग असतात, आणि जी तेजी तो विकतो ती त्या समभागांच्या आधारावर विकतो.

अमेरिकेत अशा निधींतील दोन फार प्रसिद्ध आहेत. ग्लोबल एक्स या संस्थेचा ‘क्यूवायएलडी’ निधी २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाला. नॅसडॅक शंभर या निर्देशांकातील समभाग घेऊन तो दर महिन्यास त्या निर्देशांकावरील तेजी चालू भावालाच विकतो. आपल्या गुळाच्या उदाहरणात ४१०० ऐवजी ४००० लाच हक्क दिल्यासारखे हे झाले. चढाचा वाटा जवळजवळ काहीच उरत नाही. दरमहा तो मालमत्तेच्या एक टक्क्यापर्यंत वाटप करतो, म्हणून वर्षाला अकरा-बारा टक्के दिसतात आणि लोक हुरळतात. दुसरा निधी जेपीमॉर्गन या बँकेचा, ‘जेईपीआय’ नावाचा, २०२० च्या मे महिन्यात निघाला. तो अधिक सावध आहे. त्याचे समभाग स्वतः निवडलेले व शांत प्रकृतीचे असतात, आणि तेजी चालू भावाच्या थोडी वर विकली जाते.

क्यूवायएलडीचा पुढचा इतिहास जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण सगळा प्रश्न त्यात उलगडतो. निधी सुरू झाला तेव्हा एका युनिटाची किंमत सुमारे २५ डॉलर होती. २०२२ च्या अखेरीस ती १६ डॉलरांच्या आसपास होती. त्याच काळात ज्या निर्देशांकाचे समभाग तो बाळगतो, तो नॅसडॅक शंभर निर्देशांक साडेतीन हजारांवरून अकरा हजारांच्या जवळ, म्हणजे तिपटीच्या वर गेला होता. वखारीतील माल तिप्पट महाग झाला आणि वखारवाल्याचे भांडवल तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, ही गोष्ट कोणाही व्यापाऱ्यास चटका लावील. मधल्या वर्षांत दरमहा वाटप मिळाले हे खरे. पण मालमत्तेच्या टक्क्याने वाटप होत असल्यामुळे मालमत्ता आटली की वाटपही आटते. टक्केवारीचा आकडा मोठाच दिसत राहतो, हाती येणारे डॉलर कमी होतात. पाटीवर टक्के लिहिलेले असतात; किराणा डॉलरांनी किंवा रुपयांनी घ्यावा लागतो.

हे होते कसे, ते समजून घेतले पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या भीतीने बाजार कोसळला, तेव्हा या निधीनेही घसरणीचा बहुतेक वाटा सोसला. पुढे बाजार भराभर वर आला. पण चढ महिन्या-महिन्याने आधीच विकलेली असल्यामुळे निधी त्या चढाबरोबर वर येऊ शकला नाही. खड्ड्यात सर्वांबरोबर उतरावयाचे आणि वर येताना पायांत बेडी, अशी ती स्थिती असते.

तथापि एकाच बाजूचे वकीलपत्र घेणे बरे नव्हे. २०२२ साली अमेरिकेतील पाचशे कंपन्यांचा निर्देशांक लाभांशासह सुमारे १८ टक्क्यांनी खाली आला, तेव्हा जेईपीआय अवघ्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास तोट्यात राहिला. पुढल्या वर्षी निर्देशांक २६ टक्के चढला, जेईपीआय दहा टक्क्यांच्या आतच. दोन्ही वर्षे मिळून हिशेब केला तर जेईपीआय किंचित पुढेच निघतो. बाजार आडवा चालत असेल तर तेजी विकणाऱ्याचे फावते, हा जुनाच अनुभव आहे. आणि लाभांशवृद्धीचा पुरस्कार करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, त्याच २०२३ साली एससीएचडीची एकूण कमाई साडेचार टक्क्यांच्या आसपासच होती. ज्या थोड्या तंत्रज्ञान-कंपन्यांनी त्या वर्षी बाजार उचलला, त्या त्याच्याजवळ नव्हत्याच.

लाभांशाची वृद्धीही ताम्रपटावर कोरलेली नसते. कोका-कोला व प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपन्यांनी साठांहून अधिक वर्षे सलग लाभांश वाढविला हे खरे. पण जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीने २००९ साली तो तोडला, २०१७ साली निम्मा केला आणि २०१८ साली तिमाहीस एका सेंटावर आणून ठेवला. निधीत शंभर कंपन्या असतात म्हणून एकीच्या घसरणीने घर बसत नाही, एवढाच दिलासा. उलट कॉलच्या उत्पन्नाचे चढउतार सगळ्या निधीला एकदम लागतात. बाजार भयभीत असतो तेव्हा तेजीला किंमत जास्त मिळते. शांत असतो तेव्हा कमी. जेईपीआयचे मासिक वाटप २०२२ मध्ये काही महिने युनिटामागे ६० सेंटांच्या वर गेले आणि २०२३ मध्ये काही महिने ३० सेंटांच्या आसपास आले. ज्याचा घरखर्च त्यावर चालतो त्याने हे आधी जाणलेले बरे.

आता आकडे मांडून पाहू. दोघा भावांनी एकेक कोट रुपये गुंतविले असे धरा. थोरल्याने साडेतीन टक्के देणारा, लाभांश व किंमत दोन्ही वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणारा निधी घेतला. धाकट्याने दहा टक्के देणारा, पण भांडवल वर्षाला ३ टक्क्यांनी झिजणारा. (हे दर केवळ समजुतीसाठी धरले आहेत, त्यांची हमी कोणी देत नाही.) पहिल्या वर्षी थोरल्यास साडेतीन लाख, धाकट्यास दहा लाख. दहाव्या वर्षी थोरल्यास सात लाख, धाकट्यास ७ लाख ६० हजार. अकराव्या वर्षापासून थोरला पुढे. दहा वर्षांत थोरल्याच्या हाती एकूण सुमारे ५१ लाख आले आणि भांडवल २ कोटी १६ लाखांचे झाले; धाकट्याच्या हाती साडेसत्याऐंशी लाख आले आणि भांडवल ७४ लाखांवर उतरले.

हा हिशेब वाचून थोरला शहाणा आणि धाकटा मूर्ख असा निवाडा करणारे करोत. मी करणार नाही. धाकटा पंचाहत्तरीचा असेल, मुलेबाळे सुस्थितीत असतील आणि पहिल्या वर्षीच औषधपाण्यास आठ लाख लागत असतील, तर थोरल्याच्या साडेतीन लाखांनी त्याचे भागणार नाही. पण साठीच्या गृहस्थाने, ज्याच्या मागे पत्नीला आणखी पंचवीस वर्षे काढावयाची असतील, धाकट्याची वाट धरणे मला घातक वाटते. सर्वांत मोठा धोका दहा टक्के हे व्याज आहे असे समजण्यात आहे. त्यात काही भाग खरे उत्पन्न, काही भाग विकलेल्या भविष्याची किंमत आणि काही वेळा आपलेच भांडवल आपल्यालाच परत, असे मिश्रण असते. आपल्याकडे सेबीने १ एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या ‘लाभांश’ पर्यायाचे नाव बदलून ‘उत्पन्न वाटप तथा भांडवल काढणी’ अशा अर्थाचे लांबलचक नाव ठेवावयास लावले ते याच कारणाने. नाव ओबडधोबड आहे, पण खरे आहे. साधा लाभांशही फुकट नसतो. तो वाटला की समभागाची किंमत तेवढीच उतरते. म्हणून वाढीचा निधी घेऊन दरवर्षी गरजेपुरती युनिटे विकणे हा तिसरा मार्गही तितकाच प्रामाणिक आहे. ‘मूळ विकून खाल्ले’ असे मनास लागते म्हणून आपले लोक तो टाळतात, आणि तीच गोष्ट दुसऱ्याने मासिक वाटपाच्या नावाखाली केली की समाधान मानतात.

आपल्या देशात पूर्णपणे अमेरिकन धर्तीचे कव्हर्ड कॉल म्युच्युअल फंड नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सेबीने फंडांना असे कॉल विकण्याची मुभा दिली, ती निफ्टी व सेन्सेक्समधील समभागांपुरती आणि योजनेतील समभागांच्या १५ टक्के मूल्याच्या मर्यादेत. डिव्हिडंड यील्ड फंड मात्र आहेत, पण नावावरून फसू नये. त्यांना बहुतांश रक्कम लाभांश देणाऱ्या समभागांत ठेवावी लागते. ती रक्कम गुंतवणूकदाराला दरमहा वाटण्याचे बंधन नाही. १ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, म्हणून वरच्या टप्प्यातील व्यापाऱ्यास मोठे वाटप हे मोठ्या कराचे आमंत्रणच होते.

परदेशी निधी घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. भारतात राहणाऱ्याच्या अमेरिकन लाभांशातून तिकडे सामान्यतः २५ टक्के कर आधीच कापला जातो. त्याची वजावट येथे मागता येते, पण कागदपत्रे नीट ठेवावी लागतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिची अमेरिकेतील मालमत्ता ६० हजार डॉलरांहून अधिक असेल, तर वरच्या रकमेवर तेथील वारसाकर लागू शकतो, आणि त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. अमेरिकन कंपन्यांचे समभाग व तेथील असे निधी त्या मालमत्तेत धरले जातात.

एका भगिनीने मला विचारले की, या निधींत अभक्ष्य आणि व्यसनाच्या कंपन्या असतात काय? असतात. एससीएचडीमध्ये अलीकडच्या काही वर्षांत आल्ट्रिया ही सिगारेटची कंपनी ठळकपणे राहिली आहे, कारण तंबाखूचा धंदा लाभांश देण्यात कधी चुकत नाही. निपाणीच्या बाजारपेठेशी ज्या घरांचा पिढ्यानपिढ्यांचा संबंध आहे त्यांनी यावर काय म्हणावे ते त्यांनीच ठरवावे. परंतु ज्यांना हे नको असेल त्यांनी निधीच्या समभागांची यादी, जी दोन्ही संस्था आपापल्या संकेतस्थळावर नियमाने प्रसिद्ध करतात, घेण्यापूर्वीच वाचावी.