इंग्रजी शब्दांचे अनेक अर्थ

शब्दार्थांच्या वह्या तपासताना बहुधा असे आढळते की, प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी प्रतिशब्द लिहिलेला असतो. ‘कॅपिटल’ म्हणजे राजधानी, ‘लेटर’ म्हणजे पत्र. मग एखाद्या मुलाने ‘कॅपिटल लेटर’चा अर्थ ‘मोठे अक्षर’ असा न सांगता ‘राजधानीचे पत्र’ असा सांगितला, की वर्ग हसतो आणि ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. वस्तुतः त्याने शिकविलेलेच प्रामाणिकपणे लावलेले असते.

‘स्प्रिंग’ हा शब्द घ्यावा. झरा, वसंत ऋतू, घड्याळातील कमान, उडी मारणे हे सारे त्याचे अर्थ. मूळ कल्पना उसळण्याची. पाणी उसळून वर येते, वसंतात पालवी उसळते, दाबलेली कमानही उसळते. आपल्या ‘पान’ शब्दाचे असेच आहे : झाडाचे, वहीचे, विड्याचे, पंगतीतले. हे उदाहरण आधी द्यावे. पुढचे मुले आपणच सांगतात.

‘मॅच’ची गोष्ट निराळी. काडी या अर्थाचा ‘मॅच’ जुन्या फ्रेंचमधील वातीच्या शब्दापासून आला. सामना या अर्थाचा जुन्या इंग्रजीतील ‘जोडीदार’ या शब्दापासून. उच्चार एक, कुळे दोन. मराठीत ‘माडीवर’मधील ‘वर’ आणि वधूचा वर यांचेही तसेच. येथे अर्थांचा संबंध जोडण्याचा खटाटोप करू नये.

१९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाची होती. तेव्हा सर्व अर्थ एकदम पाठ करविणे व्यर्थ होय. फळ्यावर सुटा शब्द न लिहिता वाक्य लिहावे. वहीत प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी कोऱ्या सोडवाव्यात. पुढील पाठात तोच शब्द नव्या अर्थाने भेटला, की त्या मुलांकडूनच भरून घ्याव्यात.