आधी शंका फेडावी, मग घर विकावे

कोथरूडमध्ये, कर्वेनगरात किंवा ठाण्याच्या नौपाड्यात तीसेक वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांच्या फाटकावर ‘फ्लॅट विकणे आहे’ अशी पाटी लागते. पहिले दोन महिने फोन येतात. माणसे येऊन घर बघतात, ‘घरी बोलून कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. पुढे फोनही कमी होतात, पाटीचा रंग उडतो आणि मालक म्हणू लागतो की बाजारच बसलेला आहे, कोण काय करणार? बाजार खरोखर बसलेला असतो, पण म्हणून गिऱ्हाईक नाहीसे झालेले नसते. 2020 सालचा अनुभव आठवून पाहावा. टाळेबंदीने सगळे ठप्प असताना राज्य सरकारने 1 सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले. सवलत डिसेंबरअखेरपर्यंत होती आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांसाठी दर 3 टक्के ठरला. गृहकर्जाचे व्याजही तेव्हा उतरलेले होते. डिसेंबर उजाडला तेव्हा मुंबई-पुण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी मावत नव्हती. ही माणसे एका रात्रीत घरासाठी उत्सुक झालेली नव्हती. ती आधीपासून होतीच, फक्त कुंपणावर बसून होती. मंदीत घेणारा संपत नाही, तो शंकेखोर होतो. म्हणून मंदीत घर विकायचे तर घेणाऱ्याच्या मनातल्या शंका एकेक करून, तो विचारण्याच्या आधी फेडायला हव्यात. घर सजवणे, जाहिरात करणे, भाव ठरवणे ही सगळी कामे या एका कामाच्या पोटात येतात.

घेणारा शंकेखोर का होतो, ते त्याच्या हिशेबात शिरल्याशिवाय कळत नाही. समजा, पुण्यातल्या एका जुन्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची किंमत 80 लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या मूल्याच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे 64 लाख. उरलेले 16 लाख, 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे 5 लाख 60 हजार आणि नोंदणीचे 30 हजार मिळून जवळजवळ 22 लाख त्याला स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतात. एजंटची दलाली, रंगरंगोटी आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळाच. त्यातच बँकेच्या मूल्यांककाने त्या घराची किंमत 72 लाखच धरली, तर कर्ज आणखी 6 लाख 40 हजारांनी कमी होते. ज्याच्या आयुष्याची शिल्लक अशी एका व्यवहारात उतरते, तो भिंतीवरचा एक ओला डागही दुर्लक्षित करत नाही. शिवाय त्याला दुसरीकडे बोलावणारे असतात. बिल्डरच्या विक्री कार्यालयात थंडगार हवा असते, सजवलेला सॅम्पल फ्लॅट असतो, हप्ते लांबवण्याच्या योजना असतात. एकट्या घरमालकाला यातले काही देता येत नाही. मात्र बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवरचा जीएसटी त्याच्या घरावर लागत नाही, ताब्यासाठी वाट पाहावी लागत नाही. दुपारी ऊन कुठे येते, पाणी किती वाजता येते आणि शेजारी कोण आहे, हे घेणाऱ्याला प्रत्यक्ष पाहता येते. बिल्डर स्वप्न विकतो, जुन्या घराच्या मालकाकडे विकायला खात्री असते. ती खात्रीच डागाळलेली असेल, तर मग त्याच्याकडे काय उरले?

पहिली शंका भिंतीची. घर पाहायला येणारे कुटुंब हॉलमध्ये फार वेळ थांबत नाही. घरातली जाणती बाई सरळ मोरीकडे आणि स्वयंपाकघराकडे जाते, नळ सोडून पाण्याचा जोर बघते, सिंकखालचे दार उघडते, कपाटामागच्या भिंतीवर तळहात ठेवते. छताच्या कोपऱ्यातले पोपडे, भिंतीला लागलेला लोणा आणि बंद खोलीतला कुबट वास यांतून तिला जे कळते, ते कोणत्याही जाहिरातीने पुसले जात नाही. अशा वेळी बरेच मालक घाईने पुट्टी मारून वर रंग काढतात. ओल आत तशीच राहते आणि दोन-तीन महिन्यांत रंगाला पुन्हा फुगे येतात. आता तर घेणाऱ्याला ओलीबरोबर लपवाछपवीही दिसते. कामाचा क्रम उलटा हवा. आधी पाण्याची वाट शोधावी. ते वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येते, गच्चीतून येते की बाहेरच्या पाइपातून, हे ठरवावे. गच्चीच्या आणि पावसाच्या पाण्याच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते, म्हणून सोसायटीला लेखी अर्ज द्यावा. गळती उन्हाळ्यात बंद करावी, एक पावसाळा तिची परीक्षा होऊ द्यावी, गिलावा पुरता वाळल्यावर रंग द्यावा आणि पितृपक्ष संपून दसरा जवळ आला की घर दाखवायला काढावे. आपल्याकडे घर घेणारे बहुतेक लोक मुहूर्त पाहतात, त्यामुळे हे वेळापत्रक बाजारालाही मानवते. ज्याने दोनच महिन्यांपूर्वी मुसळधार पाऊस पाहिला आहे, त्याला कोरडी भिंत पुष्कळ काही सांगते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, घेणारा सगळे तोडून नवीन करणारच आहे, मग विकायच्या घरावर खर्च का करायचा? त्यात निम्मे तथ्य आहे. नवे मॉड्युलर किचन, खोटे छत, महागड्या फरशा यांवर घालवलेला पैसा बहुधा परत येत नाही, कारण पुढच्या माणसाची आवड वेगळी असते आणि त्याला ते सगळे बदलायचे असते. पण गळका नळ, अडकणारे दार, बंद पडलेला फ्लश, लोंबकळणारा स्विचबोर्ड आणि तडा गेलेली काच यांची गोष्ट निराळी आहे. यांच्या दुरुस्तीला काही हजार रुपये लागतात. त्या दुरुस्त्या तशाच राहिल्या तर घेणारा त्यांचा हिशेब हजारांत करत नाही. जिथे नळ दुरुस्त केला नाही, तिथे भिंतीतल्या पाइपांकडे आणि वायरिंगकडे तरी कोणी कशाला पाहिले असेल, असा विचार करून तो दोन-तीन लाख मनातल्या मनात कापून टाकतो. सर्वांत स्वस्त काम आवराआवरीचे. माळ्यावरची पितळी पातेली, जुन्या गाद्या, मुलांच्या शाळेची पुस्तके आणि बाल्कनीत रचलेले खोके हलवले की तीच खोली मोठी वाटते आणि उजेड आत येतो. या अडगळीत माणसाच्या आठवणी असतात, त्यामुळे हात चालत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण घर सोडताना ती एक दिवस आवरावी लागणारच आहे. तो दिवस चार महिने आधी आणला तर त्याचा उपयोग होतो.

दुसरी शंका कागदांची, आणि ठरत आलेले व्यवहार सर्वांत जास्त मोडतात ते इथे. टोकन दिले जाते, बँकेचा वकील कागद मागतो आणि मगच कळते की भागप्रमाणपत्र अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. एका बहिणीचे हक्कसोडपत्र झालेले नाही, दुसरा भाऊ न्यू जर्सीत आहे आणि त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथून करून यायला कित्येक आठवडे लागणार आहेत. सहमालक परदेशी राहत असेल तर घेणाऱ्याने कापायच्या कराचा दरही बदलतो आणि कपात कमी करून घ्यायची तर प्राप्तिकर खात्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. तेजीत घेणारा इतके थांबतो, मंदीत तो पुढचे घर पाहायला जातो. म्हणून पाटी लावण्याआधी एक फाइल तयार असावी. पहिल्या करारनाम्यापासूनची सगळी साखळी, इंडेक्स-2, भागप्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, मिळकत कराची आणि देखभाल शुल्काची शेवटची पावती, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे की नाही याची नोंद त्यात हवी. घरावर कर्ज असेल तर बाकी रकमेचे पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी जोडावी. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरासाठी सोसायटीला 15 दिवसांची सूचना पुरते, पण घेणाऱ्याची बँक सोसायटीचे पत्र मागतेच, तेव्हा कार्यकारिणीशी आधीच बोलून ठेवावे. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची सरकारी कमाल मर्यादा 25 हजार रुपये आहे, तीही घेणाऱ्याला स्पष्ट सांगावी. आणि व्यवहार सगळा बँकेतून करावा. 1 जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने बंद आहे आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. शिवाय रोखीची अट घातली की कर्ज काढून घर घेणारा नोकरदार पहिल्याच भेटीत गळतो, आणि मंदीत खरे गिऱ्हाईक बहुतेक वेळा तोच असतो.

तिसरी शंका भावाची, आणि ती फेडताना मालकाला स्वतःशीच झगडावे लागते. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी 1990च्या दशकातल्या बॉस्टनमधील फ्लॅटविक्रीचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत मिळण्याची चिन्हे होती, ते मालक त्या तुटीच्या 25 ते 35 टक्के रक्कम आपल्या मागणीत वाढवत होते. प्रत्यक्षात त्यांच्या पदरात तुटीच्या 3 ते 18 टक्केच जास्त पडले आणि त्यांची घरे इतरांपेक्षा सावकाश विकली गेली. म्हणजे 10 लाखांची तूट दिसणारा मालक अडीच ते साडेतीन लाख वाढवून मागत होता आणि त्याला 30 हजार ते 1 लाख 80 हजार मिळत होते. आपल्याकडेही मालक आपण दिलेली किंमत, वर केलेला खर्च आणि शेजाऱ्याने सांगितलेला आकडा यांवरून भाव ठरवतो. घेणाऱ्याला यातल्या एकाशीही देणेघेणे नसते. तो त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घराशी तुलना करतो. खरा आधार शोधायचा तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आसपासच्या इमारतींतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स-2 पाहता येतात. जाहिरातीत मागितलेला भाव दिसतो, इंडेक्स-2 मध्ये नोंदलेला. नोंदीतला आकडा काही वेळा मुद्दाम कमी दाखवलेला असतो हे खरे, म्हणून एकावर विसंबू नये. आठ-दहा व्यवहार आणि रेडीरेकनरचा दर शेजारी ठेवले की खरा पट्टा लक्षात येतो. त्या पट्ट्यात पहिल्याच दिवशी भाव ठेवावा. आधी चढा सांगून मग उतरवू हे धोरण मंदीत फसते, कारण पहिल्या महिन्यात जे येतात त्यांना घराची सर्वांत जास्त गरज असते आणि ते परतून येत नाहीत. सहा महिने पडून राहिलेल्या घराविषयी ‘काहीतरी भानगड असणार’ हे मत आपोआप तयार होते.

इथे समंजस आक्षेप येतो: थोडे थांबून थोडे जास्त मिळत असेल तर थांबायला काय हरकत आहे? बॉस्टनच्या मालकांनाही काही जास्त मिळालेच होते. उत्तर थांबण्याच्या किमतीत आहे. 80 लाख रुपये 6 टक्क्यांनी ठेवीत असते तर वर्षाला 4 लाख 80 हजार आणि महिन्याला 40 हजार व्याज झाले असते. त्यात महिना 3 हजार देखभाल शुल्क धरले, तर बंद घर 85 लाखांसाठी दीड वर्ष अडवून धरणाऱ्याचे 7 लाख 74 हजार जातात आणि फार तर 5 लाख मिळतात. मालकाला हे विकून दुसरे घर घ्यायचे असेल तर भाव वाढण्याची वाट पाहण्यात आणखी कमी अर्थ आहे, कारण त्या दुसऱ्या घराचा भावही तेवढाच वाढणार. ज्याला विकण्याची निकड नाही त्याने खुशाल थांबावे आणि घर भाड्याने द्यावे. त्याचे थांबणे चुकीचे नाही. पण विकायचे ठरल्यावर अवास्तव भावाला धरून बसणे हे थांबणेही नाही आणि विकणेही नाही.

घर, कागद आणि भाव नीट असतील तर जाहिरातीचे काम सोपे राहते. सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून, फोन आडवा धरून काढलेली दहा-बारा छायाचित्रे आणि खोल्यांची मापे लिहिलेला साधा नकाशा पुरतो. क्षेत्रफळ चटईचे द्यावे. रेरा कायद्यापासून घेणारा त्याच मापाने विचार करतो, आणि सुपर बिल्टअपचा फुगवलेला आकडा घरात पाय ठेवताच उघडा पडतो. तेच घर सहा एजंटांनी सहा भावांनी संकेतस्थळांवर टाकले की घेणारा सर्वांत कमी आकड्यापासून बोलणी सुरू करतो. म्हणून एजंट एक किंवा दोन असावेत, आणि भाव व छायाचित्रे सर्वत्र तीच असावीत. एजंटला काढून टाका असे मला म्हणायचे नाही. घेणाऱ्याच्या मनातले खरे कारण मालकापेक्षा त्यालाच कळते. मात्र त्याचा आणि मालकाचा फायदा तंतोतंत एक नसतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांना शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख विक्रींत दिसले की एजंट स्वतःचे घर इतरांच्या घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि साधारण 3.7 टक्के जास्त भावाने विकतात. हे साडेनऊ दिवस आहेत, दीड वर्ष नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्याच बोलीला घाबरून होकार देऊ नये, तसेच रास्त बोली हातची घालवू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना: दोष आपणहून सांगितला तर भाव पडणार नाही का? पडेल, पण थोडा आणि एकदाच. लपवलेला दोष टोकननंतर, वकिलाच्या तपासणीत किंवा पहिल्या पावसात बाहेर येतो. तेव्हा भाव जास्त पडतो, व्यवहार मोडतो किंवा प्रकरण न्यायालयात जाते. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेच विकणाऱ्यावर हे बंधन घातले आहे की, मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो त्याने उघड करावा. हे बंधन ओझे म्हणून वागवण्याचे कारण नाही. समोरचा माणूस वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन आपल्या उंबऱ्यावर उभा असतो. ‘या कोपऱ्यात ओल होती, वरच्यांच्या बाथरूममधून येत होती, हे दुरुस्तीचे बिल, आणि या पावसाळ्यात भिंत कोरडी राहिली’ असे त्याला कोणी सांगितले, तर त्या एका वाक्यावर तो बाकीच्या दहा गोष्टींवर विश्वास ठेवतो. घर विकायला काढणाऱ्याने पाटी रंगवण्याआधी घेणारा होऊन आपल्याच घरात एकदा फिरावे, नळ सोडावेत, कपाट सरकवून भिंतीला हात लावावा, फाइल उघडावी, आणि जी शंका स्वतःच्या मनात येईल ती आधी फेडावी.