जंप क्यूचे लाकूड आणि वजन

पूलमध्ये वाटेत आलेल्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडवण्यासाठी जंप क्यू वापरतात. स्नूकरमध्ये अशी उडी सहसा फाउल ठरते. पूलमध्ये वरून मारलेला फटका चालतो, चेंडूखाली क्यू घालून उचलणे मात्र नाही.

इथे सारे वजनावर ठरते. चेंडू साधारण १७० ग्रॅमचा, तर नेहमीचा क्यू सुमारे ५४० ग्रॅमचा. टेबलाचा परिणाम वगळून आदर्श टकरीचे गणित केले, तर धडकेनंतर असा क्यू जवळपास निम्म्या वेगाने पुढे येत राहतो आणि उसळणाऱ्या चेंडूच्या आड येतो. २५५ ग्रॅमच्या क्यूचा वेग एक पंचमांशच उरतो. म्हणून जंप क्यू २२५ ते २८५ ग्रॅमचा ठेवतात. लांबी मात्र आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान ४० इंच हवी.

टोकाला चामड्याऐवजी कडक फिनॉलिक टिप बसवतात. तिच्यामुळे स्पर्श क्षणभराचाच होतो आणि फटक्याचा जोर वाया जात नाही. दांड्यासाठी सरळ रेषांचे, ताठ हार्ड मेपल उत्तम. शिसव जड पडते. सागवान हवामानाला टिकते, पण तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही. जोडाची जागा आधी स्पिरिटने पुसावी लागते.

कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात कच्चे लाकूड हमखास वाकते. त्यामुळे पूर्ण वाळलेलेच लाकूड घ्यावे आणि लेथवर एकदम न कातता, मधे विसावा देत थोडे थोडे उतरवावे.