शिकंज्यांची फिरती घोडी

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत सुतारकामाचे प्रगत प्रशिक्षण दिले जाते. अशा कर्मशाळेत फळ्या सरसाने जोडताना शिकंजे, म्हणजे सुतारांचे ‘क्लॅम्प’, हाताशी असावे लागतात. पांढरा सरस काही मिनिटांतच सुकू लागतो. शिकंजे शोधीत हिंडण्यास सवड नसते. म्हणून भिंतीवरील खुंट्यांपेक्षा कामापाशी ढकलीत नेता येणारी घोडी बरी.

तिच्या दोन्ही बाजू उतरत्या छपराप्रमाणे वर जुळलेल्या असाव्यात. म्हणजे टांगलेले शिकंजे अंगाला टेकून राहतात. आखूड पण जड शिकंजे तळाशी ठेवावेत. एकच बाजू भरली, तर घोडी कलंडण्याचा धोका असतो.

खरा प्रश्न चाकांचा. प्रत्येकी ३ किलोग्रॅमचे ३० शिकंजे धरले, तर ९० किलोग्रॅम होतात. घोडीचे ३० मिळविता १२०. हा भार चार चाकांवर ३०-३० असा वाटला जाईल, हे गणित कागदावरच खरे. उंचसखल फरशीवर एक चाक अधांतरी राहते आणि जवळजवळ सारा भार तिरक्या समोरासमोरील दोन चाकांवर येतो. तेव्हा प्रत्येक चाक निदान ६० किलोग्रॅम पेलणारे घ्यावे, आणि दोहोंना तरी अटकाव असावा.