बाजारातले चार शब्द

परमुलखात जाणारा प्रवासी तेथील भाषेतून प्रथम काय शिकतो? नमस्कार, आणि त्यापाठोपाठ भाव विचारणे! स्पेनला निघालेला मनुष्य 'क्वान्तो क्वेस्ता?' म्हणजे 'किंमत किती?' हे पाठ करूनच निघतो. आपणां अनगोळकरांना मात्र एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. गणपत गल्लीत भाजीची पाटी मांडून बसलेल्या कन्नडभाषिक विक्रेतीपुढे उभे राहिले, की पाठ सुरू होतो.

प्रथम विचारावे, 'अक्का, एष्ट री?' म्हणजे 'अक्का, किती हो?' 'अक्का' हा शब्द दोन्ही भाषांत नांदतो. आणि 'री' हे अक्षर लहान असले तरी त्यात आदर आहे, ते विसरू नये. भाव जड वाटल्यास 'भाळ तुट्टि आय्तु', फार महाग झाले, असे म्हणावे. मग विनवावे, 'स्वल्प कडिमि माड्री', थोडे कमी करा. त्यातला 'स्वल्प' तर आपल्या परिचयाचाच. 'बेकु' म्हणजे हवे, 'बेड' म्हणजे नको आणि 'साकु' म्हणजे पुरे.

खरी कसोटी आकड्यांची. विटीदांडूतील 'वकट, लेंड, मुंड, नाल' हे तेलुगू अंकांचे सगेसोयरे होत. कन्नड 'नाल्कु', म्हणजे चार, त्याच कुळातला. दहा म्हणजे 'हत्तु', पन्नास 'ऐवत्तु', शंभर 'नूरु'. परंतु वीस म्हणजे 'इप्पत्तु' आणि सत्तर म्हणजे 'एप्पत्तु'! येथे मराठी कान हमखास फसतो.

माझाही फसला. एक किलो गवारी घेऊन मी वीस रुपये पुढे केले. विक्रेतीने मान हलवताच, 'आता भाव का बदलला?' असे मी चारचौघांत रागाने विचारले. तिने शांतपणे सात बोटे दाखवून 'एप्पत्तु' म्हटले. चूक माझीच होती. मी ओशाळून, अडखळत 'स्वल्प कडिमि माड्री' म्हणालो. ती हसली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "साठ दे, बाळ."

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या भागात भाषेचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आपली मराठी आपण प्राणपणाने जपावी. पण शेजाऱ्याचे चार शब्द शिकल्याने ती उणी होत नाही. उलट, न समजलेल्या शब्दापायी एखाद्या कष्टकरी बाईला लबाड ठरवण्याचे पाप तरी टळते. त्या दिवशी दहा रुपये वाचले, त्याहून हा लाभ मला मोठा वाटतो.