हरल्यानंतर वाचायची चार पुस्तके



"सर, अलीकडे काय वाचलंत? आम्हाला काही सुचवा ना," असे ग्रंथालयाच्या तासाला कोणीतरी विचारतेच. मी बहुधा एखादे शौर्याचे, विजयाचे पुस्तक काढून देतो. या वेळी यादी थोडी वेगळी आहे. गेल्या काही महिन्यांत वाचलेली ही चार पुस्तके हरलेल्या माणसांची आहेत. ही यादी मला तंजावरमुळे सुचली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तंजावर म्हटले की बृहदीश्वराचे मंदिर आठवते. त्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापन केले. त्यांच्याच वंशातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी १८०३ मध्ये हा लेख कोरवून घेतला. पण तो कोरला जात असताना राज्य कितीसे उरले होते? सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या हाती राहिला किल्ला, त्याच्या भोवतीचा थोडा मुलूख आणि वर्षाची नेमणूक. तेव्हा त्यांचे वय होते २२.

बावीस वर्षांच्या राजाने पुढे काय करायचे? सरफोजींनी पुस्तके जमवली. नायक राजांच्या काळापासून राजवाड्यात असलेला ग्रंथसंग्रह त्यांनी कितीतरी वाढवला. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा युरोपीय भाषांतील हजारो छापील पुस्तके मागवली आणि त्यांतल्या कित्येकांवर स्वतःची सही केली. काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडूनही हस्तलिखिते आणली. नेत्ररोग्यांच्या तपासणीच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह करून ठेवल्या. तंजावरला देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टी मराठीत तिथे छापल्या गेल्या, त्याही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटकही त्यांच्याच नावावर आहे.

त्यांचा मुलगा वारस न ठेवता वारला आणि १८५५ मध्ये ते उरलेसुरले राज्यही खालसा झाले. पुस्तके मात्र राहिली. १९१८ पासून ते ग्रंथालय सर्वांसाठी खुले आहे. आज त्याला सरस्वती महाल म्हणतात. तिथे संस्कृत आणि तमिळ ग्रंथांबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडीतल्या दफ्तराचे शेकडो रुमाल.

हे वाचून सरफोजींना लगेच डोक्यावर घेऊ नका. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून समुद्रकाठी 'मनोरा' बांधणारे राजेही तेच. ते आपल्याला खटकते आणि खटकायलाच हवे. पण जे गेले त्याचा शोक करत बसण्याऐवजी जे हाती उरले त्यातून त्यांनी काहीतरी उभे केले, हेही तितकेच खरे. म्हणून माझ्या यादीतले पहिले पुस्तक याच घराण्याचा इतिहास सांगणारे आहे: के. आर. सुब्रमणियन यांचे 'द मराठा राजाज ऑफ तंजोर'. ते इंग्रजीत आहे आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषा जुन्या वळणाची आहे, म्हणून सलग वाचण्याचा हट्ट नको. इतिहासाची आवड असलेल्यांनी व्यंकोजी आणि सरफोजी यांच्यावरचा भाग आधी वाचावा. स्वराज्याची एक शाखा इतक्या दूर कशी रुजली आणि कशी संपली, हे आपल्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते.

दुसरे पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरावरचे कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. त्याने ना तलवार उचलली, ना तोफ डागली. म्हणूनच तुम्ही हे वाचायला हवे. गोळे पडू लागले की शहरातली साधी माणसे काय खातात, कुठे लपतात, कशाला भितात, हे सेनापतींच्या आठवणींत सापडत नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई तर एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. हा गृहस्थ घरी परतला तो गंगाजलाची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. पुस्तक छापले गेले १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. भाषा जुनी आहे, पण पहिली दहा पाने नेटाने वाचा; पुढे ती आपोआप चालू लागते. नववी-दहावीच्या मुलांना जमेल.

तिसरे पुस्तक मेजर जनरल शशिकान्त पित्रे (निवृत्त) यांचे 'न सांगण्याजोगी गोष्ट'. १९६२ च्या चीन युद्धातल्या आपल्या पराभवाचे हे पुस्तक आहे. सैन्यात आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याने आपल्याच सैन्याच्या पराभवावर मराठीत एवढे सविस्तर लिहावे, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्याच युद्धात १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढा दिला. म्हणजे शौर्य कमी नव्हते. मग हरलो कसे? हा प्रश्न मनात धरून वाचा. शेजारी ईशान्येचा आणि लडाखचा नकाशा असू द्या. प्रत्येक प्रकरणानंतर वहीत लिहा: निर्णय कोणाचा होता, त्याला काय माहीत होते, काय माहीत असायला हवे होते? मार्च १९६० मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी 'लाल किला' नावाच्या सरावातून धोक्याची कल्पना आधीच दिली होती. इशारा मिळूनही तो का ऐकला जात नाही, यावर अकरावी-बारावीच्या वर्गात चर्चा घडवता येईल. प्रशिक्षकांनी हे मनावर घ्यावे, अशी विनंती आहे.

चौथे पुस्तक सर्वांत छोटे, 'एका कोळियाने'. हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये केलेला अनुवाद. ८४ दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा कोळी एकटाच दूर समुद्रात जातो. प्रचंड मासा त्याच्या गळाला लागतो, आणि परत येताना शार्क त्याचे लचके तोडतात. किनाऱ्यावर पोचतो तो फक्त सांगाडा. सातवी-आठवीच्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी. दोन रविवारांत होईल. वाचून झाल्यावर त्यातल्या लहान मुलाबद्दल विचार करा. म्हातारा रिकाम्या हाताने परततो तेव्हा तो मुलगा काय करतो, ते नीट पाहा.

आता हीच यादी का, ते सांगतो. आपल्याकडे दर वर्षी कोणीतरी एसएसबीहून 'कॉन्फरन्स आउट' होऊन परत येतो. कोणी पहिल्याच दिवशी 'स्क्रीन आउट' होतो, कोणी मेडिकलमध्ये थांबतो, तर कोणाचे नाव गुणवत्ता यादीत येत नाही. पाच-सहा वर्षे सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या प्रेपपर्यंत एकच स्वप्न पाहिलेल्या मुलाला त्या संध्याकाळी काय बोलावे, हे आम्हा शिक्षकांनाही सुचत नाही. "पुन्हा प्रयत्न कर" हे बरोबर असते, पण त्या वेळी ते कानांत शिरत नाही. अशा वेळी शेजारी बसावे, जेवलास का विचारावे आणि काही दिवसांनी यातले एखादे पुस्तक हाती द्यावे. पुस्तक उपदेश करत नाही, आणि घाईही करत नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. सुट्टीत मूल घरी आले की निकालाच्या चौकशीआधी "सध्या काय वाचतोयस?" किंवा "काय वाचतेयस?" एवढे विचारा. शक्य असेल तर तेच पुस्तक तुम्हीही वाचा. दक्षिणेकडे जाणे झालेच, तर बृहदीश्वराच्या दर्शनाबरोबर सरस्वती महालासाठी एक तास राखून ठेवा. तिथले मराठी कागद पाहताना मुलांना सरफोजींचे वय सांगायला विसरू नका.

माझी यादी संपली. तुमची यादी ग्रंथालयाच्या फलकावर लावा: पुस्तकाचे नाव, ते कोणासाठी, आणि का, अशा तीन ओळी. नुसते 'छान आहे' लिहिलेले चालणार नाही. सरफोजी पुस्तकावर सही करत. तुम्हीही सुचवलेल्या पुस्तकाखाली आपले नाव लिहा.