केडगावची आशाज्योत

बेथलेहेमच्या उतारशाळेत ज्याला जागा मिळाली नाही, त्या बाळ येशूचा आज जन्मोत्सव. या मंगल दिनी पंडिता रमाबाईंचे स्मरण उचित ठरेल. दुष्काळाने त्यांचे मातापिता हिरावले. १८८२ साली पतीही निवर्तले. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मात्र तेथे लाभलेली आशा त्यांनी प्रार्थनेपुरती ठेवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावी आश्रय दिला. स्वतः सोसलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे कार्य त्यांनी १९२२ मधील निधनापर्यंत सोडले नाही. निराधारांस जागा देणे, ख्रिस्तजन्माचा आनंद याहून निराळा तो कोणता?